मधोमध जाड दाणा

दाणेसर बोलताना डावा डोळा अर्धा मिटून घेत, आणि त्यामुळे समोरचा माणूस आपोआप स्वतःचं म्हणणं मनात एकदा तपासून बघायचा. कारखान्यात माल विकायला येणाऱ्यांची तर पंचाईत व्हायची. ते आपल्या भट्टीच्या विटांची तारीफ करत असायचे आणि सर एक डोळा बारीक करून गप्प बसलेले. शेवटी बिचारे स्वतःच विटांमधले दोष सांगायला लागायचे. मलाही पहिली काही वर्षं वाटायचं की ह्या माणसाचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. मग एकदा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, खुलासा केला. "संशयबिंशय काही नाही गं. तो डोळा लहानपणापासून अधू आहे, उघडा ठेवला की ह्यांचं डोकं दुखतं. पण लोक घाबरतात ते ह्यांना आवडतं, म्हणून कुणाला सांगत नाहीत." म्हणजे सरांचं सगळं काम आणि सगळं नाव एकट्या उजव्या डोळ्यावर चाललं होतं.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. बाहेर ठोकून घडवलेले पोलादी भाग आमच्याकडे येतात. ते भट्टीत तापवायचे, नीट गार करायचे आणि तपासून परत पाठवायचे, एवढाच आमचा धंदा. सर प्रयोगशाळेचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. बाकी सगळे 'ग्रेन' म्हणत, सर मात्र 'दाणा' म्हणत आणि समोरच्यालाही म्हणायला लावत. त्यावरून ते दाणेसर झाले. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

पोलाद आतून दाण्यांचं असतं हे त्यांनी मला समजावलं ते असं: "रवा बघितलाय ना आपण? तसंच. बारीक रवा असेल तर घास एकजीव होतो. पोलादाचा दाणा बारीक असेल तर ते मार खातं, वाकतं, पण तुटत नाही. तापवलं की जुने दाणे मोडून नवे, बारीक दाणे तयार होतात. तिथेच थांबून हवेत गार केलं तर उत्तम. पण जास्त तापवलं किंवा जास्त वेळ ठेवलं, की मोठे दाणे शेजारच्या लहानांना गिळून फुगत जातात." मग डोळा बारीक करून म्हणाले, "आमच्या मांजरीत बघा. बिल्डर आले तसं." सर मांजरीला नव्या सोसायटीत राहत आणि खिडकीतून ऊस दिसेनासा झाल्याचा राग त्यांनी धातुशास्त्रात असा कुठेकुठे लपवलेला होता.

तुकडा घासायचं काम ते कुणाला देत नसत. प्रत्येक लॉटमधला एक तुकडा कापून काळ्या बेकलाइटच्या वडीत बसवायचा, एकापेक्षा एक मऊ कागदावर घासून आरशासारखा करायचा, त्यावर सौम्य आम्ल लावायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मग काळ्या दाण्यांभोवती पांढरी जाळी दिसते. ते काम चालू असताना बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा मालक स्वतः दारात येऊन काहीतरी विचारू लागले तर सर मान वर न करता म्हणाले, "आपण बोलून घ्या. मी नंतर ऐकतो." मालक खरोखर बोलून गेले. तपासून झालेल्या वड्या सर कपाटात लॉटच्या क्रमाने ठेवून देत, अगदी वर्षानुवर्षांच्या. जागा अडते म्हणून मालकांची कुरकुर असायची, पण कपाटाची किल्ली सरांकडे होती.

आमच्याकडे येणाऱ्या मालात सरांचं सगळ्यात जास्त लक्ष असायचं ते उसाच्या ट्रॉलीच्या पिनांवर. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी हाताएवढी जाड पिन. हंगामात सोलापूर रस्त्याने भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक जातात, आणि त्यांच्या मागेपुढे दुचाकीवर मुलांना घेऊन चाललेली माणसं असतात. पिन तुटली तर ट्रॉली मोकळी सुटते. पिनेचा कडकपणा मोजायचं यंत्र आहे, पण ते फक्त वरून टोचून बघतं. जाड दाण्याची पिनसुद्धा त्या परीक्षेत बिनदिक्कत पास होते. दाणा बघायला डोळाच लागतो, आणि आमच्या कारखान्यात तो डोळा सरांचा होता.

तोच डोळा बिघडायला लागला होता, आणि ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. ह्याचं कारण सांगितलं तर बाहेरच्यांना हसू येईल. सर एके सकाळी मालकांना म्हणाले, "आज तुमचं नाक जागेवर दिसत नाही." मालक लाल झाले, आम्ही ओठ दाबून हसलो. कुणाला म्हणाले, "तुमचा चेहरा मधूनच पुसल्यासारखा वाटतोय." लेखा विभागातल्या बाईंना म्हणाले, "आपण लिहिलेल्या ओळी दारू प्यायल्यासारख्या चालतात." सगळे दाणेसरांचे टोमणे म्हणून घरोघरी सांगितले गेले. तो माणूस जे दिसत होतं ते अक्षरशः सांगत होता. पुण्यात आयुष्यभर तिरकस बोलल्यावर सरळ बोललेलं कोण ऐकणार?

पावसाळा सरता सरता त्यांनी पिनांचे लॉट परत पाठवायला सुरुवात केली. शेरा ठरलेला: मधोमध जाड दाणा. एक लॉट गेला, भट्टीत पुन्हा तापवून, पुन्हा गार करून आला. पुन्हा तोच शेरा. दुसरा लॉट, तिसरा लॉट, तेच. भट्टी सांभाळायचे बबनराव. लोणी काळभोरचे, घरची थोडी शेती, आणि आयुष्य गेलं आमच्या भट्टीपाशी. भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या तारा बदलून झाल्या, दाराच्या फटी लिंपून झाल्या, बाहेरचा तंत्रज्ञ येऊन सगळं ठीक आहे असं सांगून गेला. शेरा काही बदलेना. मग उरला तो माणूस. बबनराव वेळेवर माल काढत नाहीत, डुलक्या घेत असणार, असं दबक्या आवाजात सुरू झालं आणि लवकरच आवाज दबका राहिला नाही.

मी ते तुकडे बघितले होते. मला दाणा सगळीकडे सारखा आणि चांगला बारीक दिसत होता. मी सरांना तसं सांगितलं, एकदा नव्हे, अनेकदा. ते म्हणाले, "सुमेधाबाई, आपली नजर अजून तयार व्हायची आहे." मी चिडून म्हटलं, "सर, इतक्या वर्षांत कधी होणार ती?" "होईल," म्हणाले, "घाई नाही."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मालकांनी बबनरावांना भट्टीवरून काढून माल भरायच्या कामावर टाकलं. बबनराव प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. आत यायचे नाहीत, चपला मळलेल्या म्हणून. "सर, म्या एक मिनिट बी भट्टी सोडली न्हाई. उद्या खंडेनवमी हाय. म्या त्या भट्टीची पूजा करतो दरसाल. औंदा करू का नको, येवढंच सांगा." सरांनी डोळा बारीक केला. मग म्हणाले, "बबनराव, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. तुकडाही खोटं बोलत नाही. मला जरा वेळ द्या." बबनराव गेल्यावर सर जेवले नाहीत. डबा तसाच बंद राहिला.

त्या दुपारी त्यांनी मला समोर बसवलं आणि शेवटच्या लॉटची वडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आमच्या कामात एक साधी रीत आहे. काही विचित्र दिसलं की ते तुकड्यात आहे की भिंगावरच्या धुळीत, हे आधी ठरवायचं. तुकडा हळूच सरकवायचा. जे दिसतंय ते तुकड्याबरोबर सरकलं तर ते तुकड्यातलं, जागेवरच राहिलं तर बाहेरचं. कॉलेजातली पोरंही हे करतात. सरांना ह्याची कधी गरज पडली नव्हती, कारण त्यांच्या भिंगावर धूळ बसायची हिंमत करत नसे. त्यांनी तुकडा सरकवला. "दाणे सरकले," ते म्हणाले, "जाड भाग मधेच आहे." मग नेत्रभिंग, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, जागच्या जागी फिरवलं. "जाड भाग फिरत नाही." मग ते काढून कपाटातलं नवंकोरं लावलं. "आहेच." ते उठले आणि खुर्ची मला दिली. "कशाला हात लावू नका. मधोमध काय दिसतंय तेवढं सांगा."

मी म्हटलं, "बारीक दाणा, सर. सगळीकडे सारखा."

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग शांतपणे, दुसऱ्या कुणाचा तरी निकाल सांगावा तसं म्हणाले, "तुकड्यात नाही. भिंगात नाही. म्हणजे माझ्यात आहे." मग ते सरळ माल भरायच्या जागी गेले आणि सगळ्यांसमोर बबनरावांना म्हणाले, "पूजा तुम्हीच करायची. दोष भट्टीचा नाही, तुमचाही नाही. माझ्या डोळ्याचा आहे. तुम्हाला विनाकारण त्रास दिला, माफ करा." बबनराव इतके गोंधळले की त्यांनीच सरांना नमस्कार केला.

डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या मध्यभागी बिघाड आहे, डोळ्यात इंजेक्शनं लगेच सुरू करा, एक दिवसही वाया घालवू नका. हे मला काकूंकडून कळलं. सरांनी मला सांगितलं ते वेगळंच: "सुमेधाबाई, बिघाड कधीपासून आहे हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. म्हणजे मी पास केलेलं काय काय चुकीचं असेल, तेही सांगता येत नाही. कपाट उघडा." आम्ही एकेक वडी पुन्हा घासली, पुन्हा आम्ल लावलं. बघायचं मी आणि शेजारी बसून विचारत राहायचं त्यांनी. बहुतेक सगळं ठीक निघत गेलं. मला वाटायला लागलं, सुटलो. मग पावसाळ्याच्या सुरुवातीच्या एका लॉटची वडी आली. पिनांचा लॉट. मी भिंगाला डोळा लावला, वडी एकदा सरकवून बघितली. दाणा जाड होता, मधोमध नव्हे तर सगळीकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"बोला," सर म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ठाऊकच होतं. "आठवतोय मला हा. त्या दिवशी वीज गेली होती, भट्टी मधेच बंद पडून पुन्हा चालू झाली होती. मला जाड दिसलं. वाटलं, आपले डोळे थकलेत, आजकाल असं होतंय. पास केला." मग म्हणाले, "डोळ्यावर विश्वास ठेवायचा होता तेव्हा ठेवला नाही. मग घाबरून नको तेव्हा ठेवला. आणि भोगलं बबनरावांनी."

मालकांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. कडकपणा पास होता, माल गिऱ्हाइकाने घेतला होता, कुठून तक्रार नव्हती. "सर, आपणहून कशाला गावभर सांगायचं? एवढ्या पिना, एखादी तुटेल न तुटेल." सर म्हणाले, "कागदावर सही माझी आहे. ती काय लायकीची आहे हे मला आता कळलंय. रस्त्यावरच्या माणसाला ते माहीत नाही." शेवटी मालकांनी गाडी दिली. एवढं त्यांचं ऋण मानायला हवं.

हंगाम सुरू झाला होता. पिनेच्या डोक्यावर लॉटचं अक्षर ठोकलेलं असतं, तेवढ्या आधारावर आम्ही फिरलो. ट्रॉल्या बनवणाऱ्यांनी गोदामातल्या पिना परत दिल्या. ट्रॉल्यांना बसलेल्या मात्र एकेक करून शोधाव्या लागल्या. सर उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रॅक्टरवाल्याला हात करायचे, मी वाकून अक्षर बघायचे. काहीजण हसले. एकजण म्हणाला, "ओ काका, पिन चांगली हाय, तुमीच जरा वाकडं बघताय." सर म्हणाले, "बरोबर बोललात. तरी बदला." लोणी काळभोर आणि आसपासची गावं बबनरावांनी आपणहून अंगावर घेतली. सुट्टीच्या दिवशी वस्त्यांवर फिरून पिना गोणीत घालून आणायचे.

आणि इंजेक्शनं राहिली ती राहिलीच. पहिलं चुकलं कारण त्या दिवशी थेऊरला जायचं होतं. पुढचं असंच कशाने तरी. मी सांगून पाहिलं, काकूंनी अबोला धरून पाहिला. "आधी पिना," एवढंच उत्तर. मला तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजून आहे. मी होते, बबनराव होते, गाडी होती. त्यांनी उन्हात उभं राहायची काही गरज नव्हती. एका डोळ्यावर जगणाऱ्या माणसाने तो डोळा असा रस्त्यावर उधळायचा नसतो. काकू मला एकदा म्हणाल्या, "पिना जगातल्या सगळ्यांच्या सुरक्षित झाल्या. आता मी दिसते का ते विचार त्यांना." संक्रांतीच्या सुमाराला सरांना वाचता येईना. डॉक्टरांनी नंतर प्रयत्न केले, पण मधला भाग गेला तो गेला. कडेकडेचं धूसर तेवढं उरलं.

सर जाऊन आता बरेच महिने झाले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. मला लिहायचंय ते त्याआधीचं, पाडव्याच्या अलीकडचं. हंगाम संपत आला होता आणि बबनरावांनी निरोप आणला की त्या लॉटची शेवटची पिन सापडली. सरांनी मला फोन केला. "मला कारखान्यात न्या. ती पिन मोडून बघायची आहे."

पिनेला मधोमध करवतीने खाच पाडायची, शेगड्यात म्हणजे व्हाइसमध्ये घट्ट धरायची आणि घणाने हाणायचं. चांगल्या दाण्याची पिन वाकते, कुथते, घाम काढते. आधी एक चांगली पिन लावली. बबनराव घण घालत राहिले, पिन वाकत गेली, पण सुटली नाही. सर खुर्चीवर बसून कान देऊन ऐकत होते. मग ती दुसरी लावली. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय आलं ते सांगते. हंगामभर ओझी ओढून जी तुटली नव्हती, ती घणालाही दाद देणार नाही आणि सर म्हणतील, म्हणजे चालली असती. मग त्यांच्या डोळ्याचा हिशोब मी कुणाकडे मागू? मी देवाला मनापासून विनवलं की ही तुटू दे.

बबनरावांनी एकच घण घातला. पिनेचं टोक फरशीवर पडून घरंगळत गेलं. वाकणं नाही, काही नाही.

"एका घावात?" सरांनी विचारलं. "एका घावात," मी म्हटलं. त्यांनी हात पुढे केला. मी तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला. तुटलेल्या बाजूवरून त्यांनी अंगठा फिरवला. "चमकतंय का?" "साखरेसारखं, सर." "जाड," ते म्हणाले. "ट्रॉली कुणाची होती बबनराव?"

बबनराव घण खाली ठेवून उभे होते. "माझ्या थोरल्याची, सर. म्या आख्खं गाव धुंडाळलं, पर घरचीच बघायची राहिली. मला वाटलं, हितनंच नेल्याली हाय, त्या लॉटच्या आदीची हाय. काल त्यो ट्रॉली धूत हुता, तवा अक्षर दिसलं. हंगाम लागल्यापासनं पोरगं ह्या पिनेवर हडपसरचा पूल चढतंय. मागं नातू बसत हुता."

सर बोलले ते कामाचं. "नवीन पिन बसवली का?"

"सकाळीच बसवली."

"कुठल्या लॉटची?"

बबनरावांनी टॉवेलने तोंड पुसलं. "दसऱ्याच्या आदी तुमी सारका परत धाडत हुता न्हवं, त्या लॉटमदली. मला घालवलं हुतं ज्याच्यापायी. लई येळा तापून गार झाल्याली हाय ती. बाईंनी बघितली भिंगातून. असला बारीक दाना आपल्या कारखान्यात कुनी बघितला नसंल, सर."

सर उठले. त्यांनी बबनरावांच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, पण अंदाज चुकला आणि हात खांद्याच्या बाजूला, हवेतच राहिला. बबनराव एक पाऊल सरकून त्या हाताखाली जाऊन उभे राहिले.